माळ्यावरचा रेडिओ बोलता करताना

दिवाळीच्या झाडलोटीत माळा रिकामा करायला घेतला, की तुमच्याही घरी असेच होत असेल. आधी फुटकी कणगी निघते, मग आजोबांची छत्री, लग्नातले पितळी घंगाळ, आणि या सगळ्यांच्या मागे पोत्यात गुंडाळून ठेवलेला एक जड लाकडी खोका. पोते सोडले तर आतून रेडिओ निघतो. समोर मळकट सोनेरी कापड, खाली काचेची लांब डायल, तिच्यावर मुंबई, दिल्ली, लंडन, कोलंबो अशी गावांची नावे, आणि त्याखाली हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी बटणे. घरातली पोरे गोळा होतात. कोणीतरी वायर झटकतो आणि म्हणतो, "लावून तर बघू, चालतो का!"

वाचकहो, आजचा हा लेख त्या एका वाक्यापायी लिहिला आहे. लावून बघू नका. वीस-तीस वर्षे बंद असलेला व्हॉल्वचा रेडिओ असा एकदम विजेला जोडला, तर तो चालण्यापेक्षा जळण्याचा संभव जास्त. हे मी कुठे वाचून सांगत नाही. आमच्या आबांचा रेडिओ स्वतःच्या हाताने जाळला आणि मग शिकलो.

दोन मिनिटांतला धूर

आबांनी तो रेडिओ १९६४ साली घेतला. त्या वर्षी गुळाला बरा भाव मिळाला होता आणि गावात वीज नुकतीच आली होती. रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ते पुस्तक आबा सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवीत. संध्याकाळी बातम्यांना आमच्या सोप्यात दहा-वीस माणसे बसत. बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सयानींचा आवाज आला, की तरुण पोरांची वेगळी गर्दी होई. केंद्र नीट लागले की काचेमागचा हिरवा डोळा मिटत येई, आणि आम्ही लहान मुले गाणी सोडून त्या डोळ्याकडेच बघत बसत असू. आईने रेडिओसाठी भरतकामाचा रुमाल केला होता. तो कायम त्याच्या डोक्यावर असे.

पुढे ट्रान्झिस्टर आला, मग टी.व्ही. आला. १९९६ साली आबा गेले आणि रेडिओ माळ्यावर गेला.

२०१७ च्या दिवाळीत मी तो खाली काढला. आईला आवाज ऐकवायचा म्हणून धूळ पुसली आणि लगेच पिन लावली. डायलचा दिवा लागला. हिरवा डोळाही हळूहळू उजळला. आई म्हणाली, "लागला की रे!" तेवढ्यात घूं असा आवाज सुरू झाला, तो वाढत गेला, डांबर जळल्यासारखा वास आला आणि मागच्या जाळीतून धूर निघाला. पिन उपसेपर्यंत सगळे मिळून दोन मिनिटे झाली असतील. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. आई काही बोलली नाही. तिने तो रुमाल झटकला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला.

तालुक्याच्या गावी एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी सेट घेऊन गेलो. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, वास घेतला आणि म्हणाले, "दोन कंडेन्सर बदलून लावला असतास, तर आज बातम्या ऐकत बसला असतास. आता ट्रान्सफॉर्मर कुठून आणायचा?"

त्या दोन कंडेन्सरांची गोष्ट नीट समजून घेतली, तर निम्मे काम झाले असे समजा.

व्हॉल्व म्हणजे पाटाचे दार

व्हॉल्व म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. मधोमध एक बारीक नळी तापून लाल होते, तिला कॅथोड म्हणतात. बाहेरून पत्र्याचे आवरण असते, ती प्लेट. दोघांच्या मध्ये केसासारख्या तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. तापलेल्या कॅथोडमधून विजेचे कण सुटून प्लेटकडे धावतात. ग्रिडवरची वीज जराशी कमी-जास्त केली, की ही धाव मोठ्या प्रमाणात कमी-जास्त होते. इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन भागांचा व्हॉल्व केला आणि १९०६ साली अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी त्यात जाळी घातली. रेडिओला मोठा आवाज आला तो त्या जाळीमुळे.

रात्री उसाला दारे धरणाऱ्याला हे जास्त समजावायला नको. पाटाचे दार हाताने बोटभर उचलले तर केवढे पाणी सुटते! ग्रिड हे तसे दार आहे. एरियलवर आलेला इवलासा संदेश ते दार हलवतो आणि त्याच्या हुकमाने मोठी वीज स्पीकरकडे जाते. ही मोठी वीज म्हणजे प्लेटवरचा दोन-अडीचशे व्होल्टांचा दाब. तो घरातल्या विजेपासून रेडिओच्या आतच तयार होतो, आणि त्याची खळबळ शांत करायला मोठे कंडेन्सर लागतात. त्यांना फिल्टर कंडेन्सर म्हणतात.

आता विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीची आठवण करा. तिचा कंडेन्सर गेला की मोटार फिरत नाही, जागच्या जागी घुमते आणि तशीच ठेवली तर जळते. रेडिओचे फिल्टर कंडेन्सर ओलसर रसायनाचे असतात. वर्षानुवर्षे पडून ते सुकतात, बिघडतात. विजेला जोडताच ते वीज अडवण्याऐवजी सरळ वाहू देतात आणि सगळा भार ट्रान्सफॉर्मरवर येतो.

दुसरा गुन्हेगार लहान असतो. शेवटच्या मोठ्या व्हॉल्वच्या ग्रिडला एक कागदी कंडेन्सर जोडलेला असतो. मागच्या बाजूचा मोठा दाब पलीकडे जाऊ न देता फक्त आवाज पुढे सोडणे हे त्याचे काम. तो जुना झाला की बांधातून पाझर सुटावा तशी वीज झिरपते, दार उघडेच राहते, व्हॉल्व तापून लाल होतो आणि त्यापायी आवाजाचा ट्रान्सफॉर्मरही जळतो. म्हणून सेट बोलत असला तरी हा कंडेन्सर आधी बदलायचा.

आधी जात ओळखा

मागचा पुठ्ठा उघडण्याआधी पिन भिंतीत नाही याची खात्री करा. मग व्हॉल्वांवरची अक्षरे वाचा. ती कपड्याने पुसू नका. एकदा पुसली गेली की व्हॉल्व ओळखता येत नाही. युरोपी पद्धतीच्या व्हॉल्वांत पहिले अक्षर फार महत्त्वाचे असते.

पहिले अक्षर 'ई' असेल, उदाहरणार्थ ई.सी.एच. ८१, ई.बी.एफ. ८९, ई.एल. ८४, ई.झेड. ८०, तर सेट बहुतेक ट्रान्सफॉर्मरचा असतो. दुरुस्तीला हाच चांगला. 'एम' अक्षराचा, म्हणजे ई.एम. ८० सारखा व्हॉल्व असेल, तर तोच तो हिरवा डोळा.

पहिले अक्षर 'यू' असेल, जसे यू.सी.एच. किंवा यू.एल., तर फार सांभाळा. हे सेट ए.सी. आणि डी.सी. दोन्हींवर चालावेत म्हणून केलेले. त्यांत घरातली वीज वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. आतल्या लोखंडी चौकटीला विजेची एक वायर थेट जोडलेली असते. पिन उलटी बसली की सगळी चौकट २३० व्होल्टांची होते. बटणाचा स्क्रू उघडा असेल तर त्यालाही धक्का बसतो. अशा सेटला अर्थिंगची वायर लावू नये, त्याला मोबाइल किंवा दुसरे यंत्र जोडू नये आणि घरी उघडून काम करू नये.

पहिले अक्षर 'डी' असेल, जसे डी.के. ९६, तर तो बॅटरीचा सेट. वीज पोचली नव्हती तेव्हा खेड्यांत हेच सेट होते. त्यांना दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागत: व्हॉल्व तापवायला दीड व्होल्टाची आणि प्लेटसाठी बहुधा नव्वद व्होल्टांची. आज तशी नव्वदची बॅटरी दुकानात मिळत नाही, पण नऊ व्होल्टांच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून भागवता येते. मात्र वायरी उलटसुलट झाल्या आणि नव्वद व्होल्ट तापवायच्या तारेत गेले, तर सगळे व्हॉल्व एका क्षणात जातात. एकदा दोनदा नव्हे, तीनदा तपासून मगच जोडा.

अशा सेटांनी खेड्यात काय काम केले, हेही सांगायला हवे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळे काढली होती. गावकरी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवीत. तुमच्या चावडीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अडगळीत जुना सेट पडला असेल, तर तो भंगारात घालण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

विकत घेताना

घरचा सेट नसेल आणि हौस असेल, तर तो विकतही मिळतो. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार यासाठी नावाजलेले आहेत. पण भंगारवाल्याकडे आणि वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांकडेही सेट सापडतात. ठाण्याला कारखाना असलेल्या मर्फीचे, तसेच फिलिप्सचे, बुशचे सेट आपल्याकडे पुष्कळ विकले गेले. त्यांचे व्हॉल्व अजून मिळू शकतात. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनीही व्हॉल्व बनवीत असे, त्यांतले जुने नग बाजारात येत असतात.

दुकानदार 'हाय-फाय आहे' म्हणून भाव वाढवील. त्या शब्दाचा अर्थ माहीत असू द्या. मूळ आवाजाशी इमान राखणारा, तो हाय-फाय. त्यासाठी आठ इंची किंवा मोठा स्पीकर, जाड लाकडी पेटी, खर्जाला आणि वरच्या पट्टीला वेगवेगळी बटणे आणि जोरकस शेवटचा व्हॉल्व लागतो. एक ई.एल. ८४ साधारण पाच वॉट आवाज देतो. मोठ्या सेटात असे दोन जोडीने लावलेले असतात आणि आवाज दहा वॉटांच्या वर जातो. सोपाभर आवाजाला एक पुरेसा आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. मीडियम वेव्हवर केंद्रांना एकमेकांपासून फक्त नऊ किलोहर्ट्झचे अंतर दिलेले असते, त्यामुळे तिथे बारीक तार आवाज मुळातच कमी येतो. हाय-फाय सेटची खरी गोडी रेकॉर्ड लावली की कळते.

घेण्याआधी एवढे बघाच. मागचा पुठ्ठा उघडून आत मूळ यंत्र आहे ना, हे पाहा. जुन्या पेटीत नवे स्वस्त एफ.एम. बसवून विकायची चाल आहे. डायलची काच अखंड हवी, कारण ती पुन्हा मिळत नाही. ट्रान्सफॉर्मर नाकाशी धरा. जळका वास असेल तर सोडून द्या. व्हॉल्वच्या काचेत आतून आरशासारखा चंदेरी किंवा काळसर डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि व्हॉल्व मेला आहे. लाकडाला वाळवी लागली आहे का, कोपऱ्यात पिठासारखा भुसा पडतो का, तेही बघा. आणि विक्रेता 'चालू करून दाखवतो' म्हणाला, तर नको म्हणा. धूर तुमच्यासमोर निघाला तरी नुकसान त्या सेटचेच.

आमच्या सेटसाठी मी सात महिने फिरलो. शेवटी त्याच मॉडेलचा, वाळवीने पेटी खाल्लेला एक सेट भंगारात मिळाला. एका बऱ्या शेळीच्या किमतीला तो घेतला. त्याचा ट्रान्सफॉर्मर शाबूत होता.

तुम्ही करायचे काम आणि मेकॅनिकचे काम

इथे दोन वाटण्या करा. सफाई, लाकूड, कापड हे घरी करायचे. वायरी, कंडेन्सर, व्होल्टेज हे ज्याला विजेचे काम येते त्याने करायचे. पिन काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर बराच वेळ अडीचशे व्होल्ट धरून बसू शकतो, आणि तो धक्का जीवघेणा आहे. अण्णा आधी रेझिस्टर लावून ती वीज उतरवतात, मीटरवर शून्य बघतात आणि मगच आत हात घालतात. चालू सेटवर मोजमाप करताना ते डावा हात पाठीमागे ठेवतात. दोन्ही हात आत गेले तर वीज छातीतून जाते.

सफाई कोरड्या मऊ ब्रशने करा. घरात सुताराचा किंवा रंगाऱ्याचा जुना ब्रश असेल तर तो चालेल. उंदरांनी घरटे केले असेल तर नाकाला फडके बांधून काढा. पाणी, रॉकेल काही वापरू नका. काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा; कुठली वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही. आत लोखंडी तुकड्यांचे स्क्रू असलेले छोटे चौकोनी डबे दिसतील. ते स्क्रू फिरवण्याचा मोह टाळा. कारखान्यात यंत्र लावून ते जुळवलेले असतात. पुष्कळ चांगले सेट त्या चार स्क्रूंपायी कायमचे बेसूर झाले आहेत.

मेकॅनिकने काय करावे, तेही माहीत असू द्या, म्हणजे तुम्हाला विचारता येईल. फिल्टर कंडेन्सर आणि सगळे मेणाचे कागदी कंडेन्सर बदलायचे. कागदीच्या जागी सहाशे तीस व्होल्टांचे फिल्मचे कंडेन्सर बसतात. फिल्टरचा आकडा मूळ होता त्याच्या आसपासच ठेवायचा. जास्त मोठा घातला तर वीज सरळ करणारा व्हॉल्व लवकर जातो. अभ्रकाचे आणि चिनी मातीचे कंडेन्सर सहसा चांगले असतात, त्यांना हात लावायचा नाही. रेझिस्टर मीटरवर मोजून जे फार ढळले असतील तेवढेच बदलायचे. वायरींचे रबर कुरकुरीत झाले असेल तर नव्या वायरी घालायच्या आणि विजेच्या तोंडाशी फ्यूज बसवायचा. मागे ११०, १२५, २२०, २४० असे आकडे असलेली फिरकी असेल, तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायची. खेड्यातले व्होल्टेज रात्री किती चढते, ते मी सांगायला नको.

व्हॉल्व मात्र सरसकट बदलू देऊ नका. आमच्या सेटच्या पाचांपैकी एकच मेलेला निघाला.

बल्बाची राखण

एवढे झाले की पहिल्यांदा वीज द्यायची, पण थेट नाही. गावचे वायरमन 'सिरीज' लावतात, ती इथे कामी येते. साठ किंवा शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या वायरीत मध्ये जोडायचा. एल.ई.डी. बल्ब इथे उपयोगी नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करायचे. अशा वेळी बल्ब जळत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आणखी एक: स्पीकर सुटलेला असताना सेट कधीही चालू करायचा नाही. आवाजाचा ट्रान्सफॉर्मर त्यानेही जातो.

मला २०१७ साली हा एक बल्ब माहीत असता, तर सात महिन्यांची पायपीट वाचली असती.

लाकूड, काच, कापड

पेटीचे लाकूड अखंड नसते. वर कागदासारखा पातळ सागवानी किंवा अक्रोडाचा पापुद्रा चिकटवलेला असतो. रंधा किंवा खरखरीत सँडपेपर मारला तर तो निघून जातो. ओलसर फडक्याने मळ काढा, सुटलेल्या कडा सुताराच्या गोंदाने बसवा आणि वर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हलक्या हाताने पॉलिश करा. बॅकेलाइटची पेटी असेल तर थोड्या साबणाने धुऊन कोरडी करा, यंत्र बाहेर काढून अर्थातच.

डायलच्या काचेची पुढची बाजूच पुसा. केंद्रांची नावे मागच्या बाजूला छापलेली असतात आणि साध्या पाण्यानेही ती उतरतात. मी 'कोलंबो' मधला 'को' असाच घालवला. काटा ओढणारी दोरी तुटली असेल तर ती काढण्याआधी तिचे वेढे कागदावर काढून घ्या. स्पीकरचा कागद फाटला असेल तर पातळ कागदाचा तुकडा गोंदाने चिकटवला की काम भागते.

आता ऐकायचे काय?

हा प्रश्न सेट घेण्याआधी विचारायचा, आणि हेच लोक विसरतात. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणचे मीडियम वेव्हचे प्रक्षेपक बंद केले आहेत. बी.बी.सी.ची हिंदी सेवा शॉर्टवेव्हवर जानेवारी २०२० अखेर बंद झाली. तेव्हा आधी एखादा साधा ट्रान्झिस्टर घेऊन संध्याकाळी अंगणात बसा आणि मीडियम वेव्हवर काय लागते ते बघा. दिवसा जवळचेच केंद्र मिळते. सूर्य मावळला की दूरची केंद्रेही येऊ लागतात. आपल्या देशात एफ.एम. प्रक्षेपण सुरू झाले ते १९७७ साली मद्रासला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सेटवर एफ.एम. नसते. परदेशी सेटवर असले तरी त्याची पट्टी पुष्कळदा शंभर किंवा एकशे चारला संपते.

केंद्र येत असेल पण खरखर फार असेल, तर आधी घरातले एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सोलरचा इन्व्हर्टर बंद करून बघा. बहुतेक वेळा दोष त्यांचा असतो. एरियल म्हणून आढ्याखाली पंधरा-वीस फूट तांब्याची वायर किंवा पूर्वीसारखी जाळीची पट्टी ताणली की पुरते. मात्र ती घराबाहेर नेली असेल, तर वळवाचे ढग दिसताच सेटमधून काढून ठेवा.

आणि केंद्र येतच नसेल तर? सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी दोन भोके असतात. 'ई' जातीच्या, ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटला मेकॅनिककडून तिथे योग्य जोडणी करून घेतली, तर मोबाइलवरची आकाशवाणी त्या मोठ्या स्पीकरवर ऐकता येते. 'यू' जातीच्या सेटवर हे करायचे नाही, हे पुन्हा सांगतो.

रुमालाची जागा

आमचा सेट २०१८ च्या मे महिन्यात घरी आला. अण्णा स्वतः एस.टी.ने आले होते. सेट सोप्यातल्या त्याच फळीवर ठेवला, सिरीजचा बल्ब लावला आणि पिन घातली. बल्ब उजळला आणि मंद झाला. या वेळी मी आईकडे बघायचे धाडस केले नाही. अर्ध्या मिनिटाने हिरवा डोळा उघडला. अण्णांनी काटा हळूहळू फिरवला, खरखर झाली, आणि सांगली केंद्र लागले. कसला तरी खतांचा कार्यक्रम चालू होता. आम्ही सगळे तो शेवटपर्यंत ऐकत बसलो.

कार्यक्रम संपल्यावर आई उठली आणि ट्रंकेतून रुमाल घेऊन आली. अण्णा म्हणाले, "वहिनी, वर नका घालू. व्हॉल्व तापतात, मागच्या-वरच्या भोकांतून हवा जायला पाहिजे." आईने क्षणभर विचार केला. मग मला सेट दोन्ही हातांनी उचलायला सांगितला आणि रुमाल त्याच्या खाली अंथरला. चारी बाजूंनी भरतकामाची किनार दिसेल असा.

तेव्हा मंडळी, यंदा माळ्यावरून रेडिओ खाली निघाला, तर तो पुसा, फोटो काढा, व्हॉल्वांवरची अक्षरे वहीत लिहून ठेवा आणि एखाद्या जाणत्या मेकॅनिककडे न्या. असे जाणते लोक आता थोडे उरले आहेत, त्यांची वयेही झाली आहेत. सेट आणखी चार महिने गप्प राहिला तर काही बिघडत नाही, पण मेकॅनिककडे जाणे लांबवू नका. आणि घरातली वायर मात्र तोवर कात्रीने कापून ठेवा, म्हणजे कोणाला 'लावून तर बघू' म्हणताच येणार नाही.